चंदेरी पट्टी

कर्रर्र असा आवाज झाला आणि तिचा हात बटणावर जाईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. आठ इंची फ्लॉपी, ताटलीएवढी, चौकोनी काळ्या पाकिटातली. ती तिने बाहेर ओढली आणि दिव्यासमोर धरली. पाकिटाच्या लांबट खिडकीतून आतली तपकिरी चकती दिसत होती आणि तिच्या अगदी कडेला, केसाएवढ्या रुंदीचं, एक लख्ख पारदर्शक वळं पडलं होतं. तिथला थर यंत्राने खरवडून काढला होता. खरवडलेला भुगा वाचणाऱ्या सुईला चिकटून बसला होता. जुनी फ्लॉपी चिकट होते, थर सुटा होतो, म्हणून आधी डोळ्यांनी बघायची, मग पुसायची, मग वाळवायची आणि मगच यंत्राच्या तोंडी द्यायची, हे तिच्याच हस्ताक्षरात, लाल शाईत, समोरच्या भिंतीवर लिहिलेलं होतं. बावीस वर्षं या तळघरातल्या खोलीत बसून तिने जगभरच्या मेलेल्या संगणकांच्या फ्लॉप्या वाचल्या होत्या. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तिने त्या कागदासमोर उभं करून झापलं होतं. आणि आज स्वतःच्या बापाची फ्लॉपी तिने न बघता, न पुसता, सरळ आत सारली. कारण काय, तर सकाळपासून आईचे चार फोन. डोंबलाचे फोन, ती स्वतःशीच म्हणाली, आणि फ्लॉपी उलटी करून बाकी कुठे काही लागलंय का ते बघायला लागली. तेव्हा तिला कडेची पट्टी दिसली. चंदेरी, नखाएवढी, पाकिटाच्या कडेला असलेल्या खाचेवर घडी घालून नीट चिकटवलेली. पट्टीची एक बाजू सरळ होती आणि दुसरी करवतीसारखी दातेरी. ते दाते तिने ओळखले.

त्या फ्लॉपीबद्दल घरात सगळ्यांनाच सगळं माहीत होतं, म्हणजे काहीच माहीत नव्हतं. बाबा छापखान्यात कंपोझिटर. तीस वर्षं शिशाचे खिळे जुळवून बोटांची टोकं काळी झालेली. मग मालकाला नवेपणाची हौस आली आणि त्याने अक्षरजुळणीचं एक संगणकी यंत्र आणलं, तेही अशा कंपनीचं की जी चार वर्षांत स्वतःच गाशा गुंडाळून गेली. त्या जातीची यंत्रं मोजून किती विकली गेली असतील देव जाणे. तिने शोधून शोधून जाहिरातीचं एक पान मिळवलं होतं, त्यात एक बाई यंत्रावर हात ठेवून विनाकारण हसत होती. एवढीच काय ती माहिती. बाबा तेव्हा बावन्न वर्षांचे. त्या यंत्राच्या पायी ते रोज दोन तास उशिरा यायला लागले. सहाला पाळी संपायची, घरी यायला साडेआठ. आई जेवायची थांबायची आणि थांबल्याचं रोज ऐकवायची. काय करता काय एवढा वेळ, असं तिने एकदा भांडी आपटत विचारलं, तेव्हा बाबा मान खाली घालून म्हणाले, ‘‘लिहितोय काहीतरी.’’ बस्स. आईला तेवढं पुरलं. आमच्याकडे यांचं लिहिणं चालू असतं, असं ती शेजारीपाजारी सांगत सुटली. तक्रारीचा सूर तोच, पण त्यात आता थोडी ऐट आली. मग एके दिवशी बाबा साडेसहाला घरात हजर. आईने विचारलं, संपलं का लिहून? ते म्हणाले, ‘‘हो, संपलं.’’ आणि त्यानंतर ते जन्मभर वेळेवर घरी आले. छापखाना बंद झाला तेव्हा ही एक फ्लॉपी तेवढी घेऊन आले. कपाटात, दाखल्यांच्या आणि घराच्या कागदांच्या खाली, सपाट ठेवलेली. ते गेल्यावरही ती तिथेच राहिली. बाबांचं पुस्तक.

मुलगी नेमकी याच धंद्यात, आणि पुस्तक मात्र कपाटात! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिला कोणी विचारलं असतं की एवढी वर्षं का नाही वाचलीस, तर तिने यंत्र मिळत नाही, वेळ मिळत नाही, परवानगी घ्यावी लागते, अशी दहा कारणं तोंडावर फेकली असती. खरं कारण तिला माहीत नव्हतं, आत्तापर्यंत. आता आईचे डोळे वाचण्यापलीकडे गेले होते. डावा कान गेल्या वर्षी गेला आणि उजव्याचं काय ते वर्षभरात कळेल, असं डॉक्टर मोठ्याने, आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले होते. तेव्हापासून आईने धोशा लावला होता. कान शाबूत आहेत तोवर वाचून दाखव. सकाळी चहाबरोबर, दुपारी फोनवर, संध्याकाळी दारातच. ‘‘झालं का ग वाचून?’’ जणू मुलगी सोफ्यावर पाय पसरून ते पुस्तक वाचत पडली आहे आणि मुद्दाम आईला सांगत नाही.

पट्टीवरचे दाते आईच्या कातरीचे होते. शिवणाची कातरी, कापडाचे धागे सुटू नयेत म्हणून नागमोडी कापणारी. घरात तिला हात लावलेला आईला खपत नसे. पस्तीस वर्षांपूर्वी ती स्वतः एकोणीस वर्षांची होती आणि संगणकाचा तीन महिन्यांचा वर्ग नुकताच पुरा केला होता. प्रमाणपत्राची शाई वाळायची होती आणि डोक्यात वारं शिरलं होतं. बाबांचा विसरलेला चष्मा द्यायला ती छापखान्यात गेली तेव्हा त्यांनी कौतुकाने यंत्र दाखवलं. घुमणाऱ्या पंख्याचा आवाज, रसायनांचा आंबट वास, आणि बाबा खुर्चीच्या अगदी टोकावर बसलेले, पाहुण्यांच्या घरी बसावं तसे. खुर्चीशेजारी फ्लॉपी होती. कडेची खाच उघडी. वर्गातल्या लहान फ्लॉप्यांवर अशी खाच असे. तिच्यावर पट्टी चिकटवली की कुलूप लागे, मग कोणी काही पुसू शकत नसे. ‘‘बाबा, ही उघडीच आहे! कोणीही येईल आणि पुसून टाकेल,’’ ती म्हणाली. ‘‘राहू दे ग. चाललंय ते बरं चाललंय,’’ बाबा म्हणाले. पण शहाणपण एवढ्यावर थांबलं तर ते एकोणीस वर्षांचं कसलं? दुसऱ्या दिवशी चहाच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाला मागून डिंकाची चिकटपट्टी लावून, आईच्या कातरीने कापून, ती मुद्दाम वाट वाकडी करून छापखान्यात गेली आणि बाबा हात धुवायला गेलेले असताना पट्टी लावून आली. केवढा अभिमान वाटला होता तिला! आपण बाबांचं पुस्तक वाचवलं.

आणि आठ इंची फ्लॉपीचा नियम बरोबर उलटा असतो. खाच उघडी असेल तर कुलूप. झाकली की कुलूप निघालं. बाबा लिहिण्यापुरती खाच झाकत असणार आणि उठताना पट्टी काढून घेत असणार. बाबांची फ्लॉपी बंद होती, ती हिने उघडून दिली. हे तिला काही आज कळलं नव्हतं, वैताग होता तो हाच. दर वर्षी नव्या लोकांना शिकवताना हा किस्सा ती हमखास सांगायची. मोठीला झाकलं की उघडतं, धाकटीला झाकलं की मिटतं, बहिणी बहिणी असून एकीचं दुसरीशी पटत नाही. लोक हसायचे. तीही हसायची. बावीस वर्षं हसली आणि एकदाही, एकदासुद्धा, तिच्या मनात आईची कातरी आली नाही. मन काय काय लपवून ठेवतं आणि वर साळसूदपणे विनोद करतं! पट्टी लावल्यानंतर किती दिवसांनी बाबा लवकर आले? चार? पाच? ते साडेसहाला आले, हात धुतले, जेवले, आणि भिंतीकडे बघत बसले. आईला आनंद झालेला. संपलं का लिहून? हो, संपलं. ते ‘संपलं’ आता तिच्या कानात वेगळंच वाजायला लागलं. पुस्तक लिहून झालेला माणूस असा भिंतीकडे बघतो? भिंतीकडे तर ज्याचं सगळं पुसलं गेलंय तो बघतो. आणि फ्लॉपीवरची पट्टी त्यांनी पाहिली असणारच. घरातली कातरी त्यांनाही ओळखू आली असणार. तरी ते एका शब्दाने बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. हे असं पोटात घालून बसायचं आणि पस्तीस वर्षांनी लेकीला तळघरात गाठायचं, याला काय अर्थ आहे? तिला बाबांचा भयंकर राग आला, आणि मग रडू आलं, आणि मग त्या रडण्याचाही राग आला.

पुढचे तीन आठवडे ती सगळ्यांवर खेकसत होती. घरचं फळं वाळवायचं यंत्र उचलून तिने कचेरीत आणलं आणि त्यात फ्लॉपी मंद आचेवर ठेवली. शेजारच्या खोलीतला नकाशेवाला डोकावून म्हणाला, ‘‘बाई, आज काय, पापड का?’’ त्याच्याकडे तिने असं पाहिलं की तो पुन्हा आठवडाभर फिरकला नाही. मग पाकीट ब्लेडने उसवून आतली चकती काढली, स्पिरिटच्या बोळ्याने दोन्ही बाजूंनी पुसली आणि दुसऱ्या, स्वच्छ पाकिटात घातली. या पाकिटाची खाच उघडी होती, म्हणजे कुलूप पक्कं. जुनं पाकीट टाकून द्यायचं असतं. ते तिने टाकलं नाही. पट्टीसकट खणात ठेवलं आणि दर तासाला खण उघडून बघत राहिली, दुखऱ्या दाताला जीभ लागावी तसं. भावाचा परगावाहून फोन आला.

‘‘अग, एवढं काय त्यात? एखाद्या दुकानात देऊन टाक ना. हल्ली सगळं करतात.’’

‘‘दादा, ते दुकान मीच आहे.’’

‘‘मग अडलंय कुठे?’’

‘‘पहिल्या रिंगणावर कुठला मजकूर कुठे आहे त्याची यादी असते. ती माझ्याच हातून खरवडली गेली. आणि जे उरलंय त्यात अक्षरं नाहीत, नुसते आकडे आहेत. त्या कंपनीने प्रत्येक अक्षराला आपल्या मनाने आकडा दिला होता. ती कंपनी मेली, त्या आकड्यांचं माहितीपुस्तक गेलं, यंत्रं भंगारात गेली. अजून काही?’’

‘‘बरं बरं, चिडतेस काय. आईला काय सांगू?’’

‘‘सांग, मुलगी वेडी झाली.’’

फ्लॉपीवर सत्याहत्तर रिंगणं होती, एकात एक, झाडाच्या बुंध्यात असतात तशी. त्यातली बहात्तर तिच्या पडद्यावर आकड्यांच्या रांगा होऊन उभी होती. चौदा, तीस, नऊ, नऊ, एकेचाळीस. जगभरच्या तिच्यासारख्याच खुळ्या लोकांचा एक कट्टा होता, तिथे तिने विचारलं. एकाने उत्तर दिलं की मूळ यंत्र मिळवा म्हणजे झालं. नवऱ्याचा पत्ता विचारावा आणि लग्न करा म्हणून सांगावं, तशातली गत! पण आकडे बघता बघता तिला शंका आली की हे आकडे अक्षरांचे नसून कळांच्या जागांचे असावेत. वरच्या ओळीतली पहिली कळ एक, दुसरी दोन, असं. म्हणजे कुठल्या कळेवर कुठलं अक्षर होतं एवढं सांगणारा माणूस हवा. असा एकच माणूस जिवंत होता. त्याच यंत्रावर रात्री आठपासून बसणारे दुसऱ्या पाळीचे काका.

काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी बसलेले. तिने कागदावर कळांचे रिकामे चौकोन आखून नेले होते. काकांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि परत दिला. ‘‘छे, बाळ, काही म्हणता काही आठवत नाही. पस्तीस वर्षं झाली की!’’ तिने कपाळावर हात मारून घ्यायचा फक्त बाकी ठेवला. दोन बस बदलून ती आली होती. मग तिने कागद त्यांच्या मांडीवरच्या पाटावर ठेवला आणि म्हणाली, ‘‘काका, आठवू नका. डोळे मिटा आणि तुमचं नाव टाइप करा.’’ काका हसले, पण त्यांनी डोळे मिटले. बोटं कागदावर उतरली, क्षणभर चाचपडली, आणि मग टक टक टक अशी चालायला लागली. काकांचा स्वतःचाच विश्वास बसेना. त्यांनी नाव टाइप केलं, पत्ता टाइप केला, बायकोला काय काय म्हणून घेतलं, आणि ती शेजारी गुडघ्यांवर बसून कुठलं बोट कुठल्या चौकोनावर पडतंय ते लिहीत गेली. तासाभरात कागद भरला. ज्या प्रश्नासाठी तिचा जीव तीन आठवडे टांगणीला लागला होता तो तिने चहा पिताना विचारला.

‘‘काका, बाबांची एक वेगळी फ्लॉपी होती ना?’’

‘‘होती की. ती यंत्र घ्यायचंच नाही. लिहायला गेलं की नकार. म्हणून आम्ही हात लावत नसू. मग एक दिवस गडबडीत चुकून घातली, तर घेतली! मला वाटलं, यांनी मोकळी करून दिली वाटतं. बसचं अख्खं वेळापत्रक केलं मी तिच्यावर.’’ काकांनी तिच्याकडे पाहिलं. ‘‘का ग? त्यांचं काही होतं का तिच्यावर?’’

‘‘नाही, तसं काही नाही,’’ ती म्हणाली. कपातला चहा तिने सांडू न देता खाली ठेवला, याचं तिला नंतर नवल वाटलं.

जिन्यात पोचवायला आलेले काका म्हणाले, ‘‘तेव्हा मालकाने सगळ्यांना दम दिला होता. सहा महिन्यांत हात बसवा, नाहीतर घरी बसा. मी वयाने लहान होतो, माझा महिन्यात बसला. तुझ्या बाबांची मात्र आम्हाला काळजी होती. पण बसला बुवा त्यांचाही, एकदाचा.’’ ती मान हलवत होती, ऐकत नव्हती. तिला फक्त बसचं वेळापत्रक ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी आकड्यांना अक्षरं मिळाली आणि पडद्यावर बसगाड्या धावायला लागल्या. सहा दहा, सहा पंचवीस, सहा चाळीस. मार्ग क्रमांक आठ, सुट्टीच्या दिवशी बंद. रिंगणामागून रिंगण, बस, बस आणि बस. कधीच्या मोडीत गेलेल्या, कोणाला नको असलेल्या. आपण बाबांच्या पुस्तकावर बसगाड्या घातल्या. पण वेळापत्रक चौसष्टाव्या रिंगणावर संपत होतं. तिथून आत, चकतीच्या मधल्या भोकाच्या दिशेने, काकांनी पुसायचं राहून गेलेलं काहीतरी होतं. तिने हात मांडीवर पुसले आणि पुढचं पान आणलं.

सराव २८९, असं वर लिहिलं होतं. खाली एकच ओळ दहा वेळा. ‘‘आज पुन्हा उशीर झाला. ती जेवायची थांबली असेल.’’ दुसऱ्या वेळी ‘उशीर’चा ‘उरीश’ झाला होता. चौथ्या वेळी ‘थांबली’त भलतंच अक्षर घुसलं होतं. सहाव्या वेळी ओळ मध्येच तुटली होती. सगळ्यात खाली, शाळेतल्या मास्तरासारखं स्वतःलाच: चुका ११. सराव २९०. तीच ओळ. चुका ९. सराव २९१. तीच ओळ. चुका १२, आणि पुढे कंसात, बोटं दुखतात. तिने पान पुढे नेलं, आणखी पुढे. पुस्तक नव्हतं. गोष्ट नव्हती, कविता नव्हती, आत्मचरित्र नव्हतं. ज्या दोनशे अठ्ठ्याऐंशी सरावांवरून बस गेली तेही असेच असणार. बावन्न वर्षांचा एक माणूस, पोरांनी हसू नये म्हणून सगळे गेल्यावर, खुर्चीच्या टोकावर बसून हात बसवत होता. हात नाही बसला तर घरी बसावं लागेल हे घरी सांगायची हिंमत नव्हती, म्हणून ‘लिहितोय काहीतरी’. चुका ७. चुका ४. चुका ५. चुका २. सराव ३१२. आज पुन्हा उशीर झाला, दहा वेळा, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. खाली: चुका नाहीत. त्यापुढे चकती कोरी होती. संपलं म्हणजे हे संपलं होतं. ती मोठ्याने हसली आणि मग टेबलावर मूठ आपटली. तीन आठवडे! तीन आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जगाशी उभा दावा मांडला, तो या सरावाच्या वह्यांसाठी! आणि हसता हसता तिला दिसलं की तिच्या पट्टीने वाचलं काहीच नव्हतं आणि बुडालंही काही नव्हतं. हे कळल्याने बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, पण अर्धंच. कारण आता आईला काय वाचून दाखवायचं हा प्रश्न उरला होता.

घरी जाताना बसमध्ये तिने एक पुस्तक रचायचा प्रयत्न केला. बाबांचं लहानपण, खिळ्यांची पेटी, दोन-चार पानं तरी. आईला काय कळणार होतं? पण पहिलंच वाक्य तिला खोटं वाटायला लागलं. तिला बाबांसारखं लिहिता येत नव्हतं, आणि बाबांना तर लिहिताच येत नव्हतं.

आई दारातच उभी होती. ‘‘झालं का ग वाचून?’’

‘‘झालं. बस इथे.’’ तिने आईला खुर्चीत बसवलं, उजव्या कानाशी स्टूल ओढलं आणि आधी पट्टीचं सांगून टाकलं. कातरी घेतली होती, हेही सांगितलं. कितीतरी पानं माझ्यामुळे पुसली गेली, आई.

‘‘माझी कातरी? कागदाला?’’ आई म्हणाली. ‘‘तरीच तिची धार गेली. बरं, उरलंय ते वाच.’’

‘‘आई, ते पुस्तक नाहीये. बाबा टायपिंगचा सराव करत होते. नोकरी जाईल अशी भीती होती. एकच ओळ आहे, पुन्हा पुन्हा.’’

‘‘कुठली?’’

तिने कागद डोळ्यांसमोर धरला, खरं तर गरज नव्हती, आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्याने वाचलं. ‘‘आज पुन्हा उशीर झाला. ती जेवायची थांबली असेल.’’

ऐकू गेलं नाही की काय म्हणून तिने परत वाचलं, आणखी मोठ्याने. समोरच्या घराची खिडकी उघडली गेली.

‘‘ऐकलंय मी,’’ आई म्हणाली. ‘‘ओरडू नकोस. किती वेळा लिहिलंय म्हणालीस?’’

‘‘तीनशे बारा सराव. एकेकात दहा वेळा.’’

आईने बोटांवर काहीतरी मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. तिचे न दिसणारे डोळे भरून आले होते, पण आवाजात तोच भांडी आपटतानाचा जुना, कडक सूर होता.

‘‘एवढ्या वेळा लिहीत बसण्यापेक्षा एकदा उठून घरी यायचं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘मी थांबलेच होते की.’’ मग तिने उजवा कान पुढे केला. ‘‘वाच. सगळ्या वाच. चुका आहेत त्या चुकांसकट.’’